चिनी वैद्यकाच्या पॅटर्नसाठी रुग्णाने स्वतः भरायची प्रश्नावली : गोव्यात बांधताना

चिनी वैद्यकात एकत्र येणाऱ्या लक्षणांच्या गटाला ‘पॅटर्न’ म्हणतात. तो ओळखण्यासाठी रुग्णाची तपासणी चार वाटांनी होते: पाहणे, ऐकणे (वास घेणे यातच आले), विचारणे आणि चाचपणे. रुग्णाच्या हातात दिलेला कागद यातली फक्त विचारण्याची वाट धरू शकतो. जिभेवरचा थर, नाडीचा जोर, चेहऱ्याची कळा या गोष्टी रुग्णाने आरशात बघून सांगितल्या तरी भरवशाच्या नसतात. म्हणून पहिल्याच दिवशी कागदावर उभी रेघ मारा. एका बाजूला रुग्णाला जाणवते ते, दुसऱ्या बाजूला वैद्यालाच कळते ते. प्रश्नावलीत फक्त पहिली बाजू जाईल. गुणांना ‘निदान’ म्हणू नका, ‘लक्षणांचे गुण’ म्हणा.

विचारायचे काय, याची जुनी चौकट तयार आहे. मिंग काळातले वैद्य झांग जिंग्युए (१५६३–१६४०) यांचे ‘दहा प्रश्न’ आजही शिकवले जातात: थंडी-ताप, घाम, डोके आणि अंग, मलमूत्र, खाणेपिणे, छाती-पोट, ऐकू येणे, तहान वगैरे. मूळ यादीतले नववे कलम नाडी आणि वर्ण यांचे आहे, ते अर्थातच आपल्या रेघेच्या पलीकडे जाते.

तयार प्रश्नावली आधी तपासा

सगळ्यात माहितीतली आहे ती चिनी वैद्य वांग ची यांच्या नऊ प्रकृतींवर (एक संतुलित, आठ असंतुलित) आधारलेली ६० प्रश्नांची प्रश्नावली, संशोधनात सीसीएमक्यू या नावाने ओळखली जाते. प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण. एका प्रकृतीच्या गुणांची बेरीज घ्यायची, त्यातून प्रश्नांची संख्या वजा करायची, प्रश्नसंख्येच्या चौपटीने भागायचे आणि १०० ने गुणायचे. आठ असंतुलित प्रकृतींपैकी एखादीत ४० किंवा जास्त गुण आले तर ती प्रकृती आहे, ३० ते ३९ असतील तर तिकडे कल आहे, ३० च्या खाली असतील तर नाही.

ही प्रश्नावली चांगली आहे, पण ती प्रकृती मोजते, म्हणजे माणसाचा मूळ पिंड, आणि त्यासाठी गेल्या वर्षभराबद्दल विचारते. सहा आठवडे अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया टोचून फरक पडला का, हे ती दाखवणार नाही. चालू तक्रारीचा पॅटर्न मोजायचा असेल तर वेगळे साधन लागते. तयार साधन वापरायचे ठरलेच, तर भाषांतर करण्याआधी मूळ कर्त्यांची लेखी परवानगी घ्या. परवानगीशिवाय केलेले भाषांतर पुढे कुठेच छापता येत नाही आणि वर्षभराची मेहनत पाण्यात जाते.

एकच पॅटर्न घ्या

पहिल्या प्रयत्नात पाच पॅटर्न एकत्र मोजायला जाऊ नका. उदाहरणासाठी ‘स्प्लीन-ची डेफिशियन्सी’ घेऊ, म्हणजे पचन सांभाळणाऱ्या स्प्लीनची ‘ची’ (जीवनशक्ती) कमी पडणे. अ‍ॅक्युपंक्चरच्या दवाखान्यात हा शब्द रोज ऐकू येतो. पुस्तकातली लक्षणे अशी: भूक मंदावणे, जेवणानंतर पोट फुगणे, पातळ शौच, थकवा, हातपाय जड होणे, बोलायचाही कंटाळा येणे, पिवळट फिका चेहरा, फिकी जीभ, अशक्त नाडी. शेवटची तीन वजा केली की सहा उरतात. या सहांतून ८ ते १२ प्रश्न निघाले की पुरे. तीस प्रश्नांचा कागद बघून म्हापशाच्या बाजाराच्या दिवशी आलेला रुग्ण तिसऱ्या प्रश्नापासून सगळीकडे मधल्याच रकान्यात खुणा करत सुटतो.

आता पुस्तक बाजूला ठेवून रुग्णांशी बोला. बारा ते पंधरा मुलाखती साधारण पुरतात. सलग तीन मुलाखतींत नवीन काही आले नाही तर थांबा. वेगवेगळे रुग्ण निवडा: वाळपईकडची बागायतदार बाई, पणजीत दिवसभर एसीत बसणारा कारकून, मासळी विकणारी, निवृत्त शिक्षक. ‘तुम्हाला काय होते ते तुमच्या शब्दांत सांगा’ इतकेच विचारा आणि शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. ‘पोटात गुबारा धरतो’, ‘पेज प्यायली तरी पोट गच्च’, ‘हातापायांतले बळच गेले’, ‘कोणाशी बोलूही नये असे वाटते’ अशी वाक्ये पुढे सोन्यासारखी उपयोगी पडतात.

सापळेही इथेच लागतात. रुग्ण ‘पित्त झाले’ म्हणतो तेव्हा एकाला छातीत जळजळ सांगायची असते, दुसऱ्याला अर्धे डोके दुखणे, तिसऱ्याला अंगावर उठलेल्या गांधी. ‘गॅस’चेही तेच, पोट फुगण्यापासून छातीतल्या कळेपर्यंत काहीही त्यात येते. आणि ‘उष्णता’ तर चिनी वैद्यकातल्या ‘उष्ण’शी जुळेलच असे नाही. आपल्याकडे आंबा उष्ण, सोलकढी थंड, हे घरोघरी ठरलेले आहे. त्यामुळे ‘तुम्हाला उष्णता आहे का’ असे विचारले तर उत्तर येते ते आजीच्या शिकवणीचे. पित्त, वात, उष्णता, गॅस हे चार शब्द प्रश्नांत येऊच देऊ नका. शरीरावर नेमके कुठे, काय जाणवते तेवढेच विचारा.

एक प्रश्न चार वेळा लिहून बघा

पोट फुगण्याचाच प्रश्न घ्या.

‘तुमची पचनशक्ती कमजोर आहे का?’ हा प्रश्न नव्हे, निदान आहे. रुग्णाच्या तोंडून वैद्याचे मत वदवून घेऊ नये.

‘जेवणानंतर पोट फुगते आणि ढेकर येतात का?’ यात दोन प्रश्न आहेत. पोट फुगते पण ढेकर येत नाहीत, त्याने खूण कुठे करायची?

‘जेवल्यावर पोट फुगत नाही असे तुम्हाला वाटते का?’ नकारार्थी वाक्याला ‘हो’ म्हणायचे की ‘नाही’, यात निम्मे लोक अडखळतात. तपासणीसाठी म्हणून उलटे प्रश्न घालण्याची जुनी पद्धत मराठीत फारशी चालत नाही. त्यातून गोंधळ जास्त होतो, फायदा कमी.

‘गेल्या सात दिवसांत, नेहमीइतकेच जेवूनही पोट गच्च झाल्यासारखे वाटले असे किती दिवस होते?’ हा बराच बरा. तरी यातही एक छिद्र आहे. पोट फुगते म्हणून जी बाई आठवडाभर मुद्दाम अर्धेच जेवते आहे, तिला इथे शून्य गुण मिळतील, आणि खरे तर तिचीच तक्रार जास्त आहे. म्हणून जोडीला दुसरा प्रश्न लागतो: ‘पोट फुगेल या भीतीने कमी जेवलात असे किती दिवस होते?’ अशा चोरवाटा टेबलावर बसून सुचत नाहीत, रुग्णासमोर कागद ठेवला की दिसतात.

उत्तरांचे रकाने पाच ठेवा. ‘क्वचित’ आणि ‘कधीकधी’ यांत फरक काय, यावर दोन भाऊही एकमत होत नाहीत, म्हणून वारंवारतेसाठी सरळ दिवस मोजा: एकही दिवस नाही (०), १–२ दिवस (१), ३–४ दिवस (२), ५–६ दिवस (३), रोज (४). थकव्यासारख्या गोष्टीत दिवसांबरोबर तीव्रताही लागते. तिथे ‘मुळीच नाही, थोडासा, बऱ्यापैकी, खूप, काही करवेना इतका’ अशी वेगळी पट्टी वापरा. दोन पट्ट्या एकाच तक्त्यात मिसळू नका.

नऊ प्रश्न असतील तर कमाल बेरीज ३६. बेरीज २१ आली तर २१ भागिले ३६ गुणिले १००, म्हणजे ५८.३ गुण. एखाददुसरे उत्तर राहिले असेल तर उरलेल्यांची सरासरी तिथे धरतात, पण निम्म्याहून कमी उत्तरे असतील तर तो कागद मोजू नका.

गोव्याची हवा आणि ताट

चिनी प्रश्नावलीत ‘हातपाय गार पडतात का’, ‘थंडी सोसवत नाही का’, ‘गरम पेय प्यावेसे वाटते का’ असे प्रश्न असतातच. बीजिंगच्या हिवाळ्यात त्यांना अर्थ आहे. पणजीत जानेवारीतसुद्धा किमान तापमान विशीच्या आसपास असते. थेट भाषांतर केले तर जवळजवळ सगळे ‘कधीच नाही’ म्हणतील आणि प्रश्न मेल्यातच जमा होईल. त्याऐवजी ‘घरातल्या इतर माणसांना पंखा हवा असताना तुम्हाला तो नको वाटतो का’ किंवा ‘एसीच्या बसमध्ये इतरांपेक्षा लवकर अंग काकडते का’ असे तुलनेने विचारा. गरम पेयाचा प्रश्न तर काढूनच टाका. चिनी घरात कोमट पाणी पिणे ही रीत आहे, आपल्याकडे चहा. चहा पिणाऱ्याची प्रकृती थंड ठरवणे कोणालाच परवडणार नाही.

दमटपणाचेही तसेच. चिनी वैद्यकात ‘डॅम्प’ हा मोठा विषय: अंग जड, डोके जड, चिकट घाम. गोव्यात जूनच्या पहिल्या सरीपासून सप्टेंबरपर्यंत हे निम्म्या गावाला होते. म्हणून ‘पावसाळ्यात अंग जड होते का’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. ‘सकाळी उठल्यावर अंग जड वाटून पुन्हा पडावेसे वाटले’ असे दिवस मोजा, आणि माहिती कुठल्या महिन्यात घेतली ते प्रत्येक कागदावर लिहा.

ताटही पाहावे लागते. श्रावणापासून गणेश चतुर्थीपर्यंत अनेक हिंदू घरांत मासळी बंद असते. हुमणाच्या जागी खतखते, उसळी आणि डाळी येतात, आणि पोट फुगण्याचे गुण सगळ्यांचेच चढतात. याच काळात ‘उपचाराआधी’ आणि चतुर्थीनंतर ‘उपचारानंतर’ असे मोजले तर सुधारणा दिसेल ती मासळीची. लेंटमधल्या (ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपासकाळातल्या) उपासांच्या दिवसांतही हेच भान ठेवा.

औषधांसाठी एक रिकामी चौकट द्याच. मेटफॉर्मिनने पातळ शौच होऊ शकते, लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होऊ शकते, लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी रात्री उठावे लागते. मधुमेहाच्या गोळीचा परिणाम स्प्लीनच्या खात्यावर जमा झाला तर पुढची सगळी आकडेमोड फुकट.

भाषा कुठली

पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांत घरी कोंकणी बोलणारे पुष्कळ लोक वर्तमानपत्र मराठी वाचतात. त्यांना मराठी कागद वाचायला सोपा जातो, पण उत्तर देताना विचार कोंकणीत चालतो, म्हणून मुलाखत घेणाऱ्याला दोन्ही यायला हव्यात. सासष्टीत रोमी (रोमन लिपीतली) कोंकणी वाचणाऱ्यांसाठी वेगळी आवृत्ती करा. मराठी प्रश्न नुसता रोमी लिपीत उतरवून भागत नाही.

भाषांतराची रीत ठरलेली आहे: दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचे, तिसऱ्याने जुळवायचे, मूळ न पाहिलेल्या चौथ्याने उलटे भाषांतर करायचे, फरक बसून मिटवायचे, आणि शेवटी पाच ते आठ रुग्णांवर वाचून बघायचे. दोन भाषांतरकारांपैकी एक वैद्यकाबाहेरचा असू द्या. दोघेही डॉक्टर असले की कागदावर ‘आध्मान’ आणि ‘अग्निमांद्य’ उगवतात.

जाणकारांची बैठक आणि रुग्णापुढचा कागद

सहा ते दहा जाणकार गोळा करा. गोव्यात तेवढे अनुभवी अ‍ॅक्युपंक्चर तज्ज्ञ मिळाले नाहीत तर मुंबई-पुण्याकडचे ऑनलाइन घ्या. केंद्राने २०१९ मध्ये अ‍ॅक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली आहे आणि महाराष्ट्रात त्यासाठी वेगळा कायदा आहे, त्यामुळे तिकडे माणसे मिळतात. प्रत्येकाने प्रत्येक प्रश्नाला १ ते ४ गुण द्यायचे: १ म्हणजे असंबद्ध, ४ म्हणजे अगदी समर्पक. आठांपैकी सातांनी ३ किंवा ४ दिले तर त्या प्रश्नाचा निर्देशांक ७ भागिले ८, म्हणजे ०.८८. सहा किंवा जास्त जाणकार असतील तर ०.७८ च्या खालचा प्रश्न बदला किंवा काढा. पाच किंवा कमी असतील तर सगळ्यांचे एकमत लागते. सगळ्या प्रश्नांची सरासरी ०.९० च्या वर असावी. बैठकीत ज्येष्ठ आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात, म्हणून गुण चर्चेआधी लेखी घ्या.

यापुढची पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि सगळ्यात जास्त कस तिथेच लागतो. किमान सात रुग्णांसमोर कागद ठेवा आणि त्यांना मोठ्याने विचार करत उत्तर द्यायला सांगा. मग विचारा: ‘हा प्रश्न तुमच्या शब्दांत सांगा’, ‘सात दिवस मोजताना कुठल्या दिवसापासून मोजले?’, ‘हाच रकाना का?’. कोणी ‘गेल्या सात दिवसांत’ हे शब्द न वाचताच ‘हे तर मला नेहमीचेच’ म्हणून ‘रोज’वर खूण करते, तेव्हा तो वाक्यांश प्रत्येक पानाच्या माथ्यावर ठळक छापायला हवा हे कळते. पातळ शौचाचा प्रश्न सून शेजारी बसलेली असताना सासू शून्यावर नेते. तेव्हा नातेवाइकांना बाहेर बसवा. बदल केले की पुन्हा पाच-सात नवे रुग्ण. सलग एका फेरीत कोणीही अडखळले नाही की पुढे चला.

मैदानात

आधी ३० जणांवर छोटी चाचणी घ्या. भरायला किती वेळ लागतो, कुठला रकाना रिकामा राहतो, ते कळते. दहा मिनिटांच्या वर वेळ जात असेल तर प्रश्न कमी करा. अक्षर १४ पॉइंटपेक्षा लहान नको. टेबलावर वाचायचा एक चष्मा ठेवा, चष्मा घरी राहिलेले रुग्ण रोज येतात. कागद सुया टोचण्याआधीच भरून घ्या, नंतर प्रत्येकालाच बरे वाटत असते.

मुख्य चाचणीला किमान १०० रुग्ण, आणि प्रश्नांच्या सातपटीपेक्षा कमी नको. १५ प्रश्न असतील तर १०५. १५ टक्क्यांहून जास्त लोकांना एकदम शून्य किंवा एकदम शंभर मिळत असतील तर पट्टी आखूड पडते आहे, टोकाच्या तक्रारींसाठी नवा प्रश्न हवा.

अंतर्गत सुसंगतीचा, म्हणजे सगळे प्रश्न एकच गोष्ट मोजतात का याचा, आकडा क्रोनबाख अल्फा ०.७० ते ०.९५ असावा असे सगळीकडे लिहिलेले असते. पण चिनी पॅटर्न म्हणजे अनेक लक्षणांची मोट. एकाला पातळ शौच असते पण थकवा नसतो, दुसऱ्याचे उलट, आणि वैद्य दोघांनाही त्याच पॅटर्नमध्ये टाकतो. अशा वेळी अल्फा कमी येणे हा दोष असेलच असे नाही. अल्फा वाढवण्यासाठी थकव्याचेच पाच प्रश्न ठेवून शौचाचा काढून टाकणे हा मात्र दोष आहे, आणि तो छापील कामांतही सर्रास दिसतो.

स्थैर्य पाहायला ५० ते १०० रुग्णांना दोन आठवड्यांनी तोच कागद पुन्हा द्या, मध्ये उपचार बदलू नका. दोन वेळांच्या मध्ये पावसाची सुरुवात किंवा चतुर्थी येऊ देऊ नका. दोन्ही वेळच्या गुणांचा आयसीसी (ते किती जुळतात हे सांगणारा आकडा, १ म्हणजे पूर्ण जुळणी) ०.७० किंवा जास्त हवा. त्यावरून खरा फरक कितीचा मानायचा हे निघते. समजा गुणांचे प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) १८ आणि आयसीसी ०.८० आहे. १ वजा ०.८० चे वर्गमूळ ०.४४७, त्याला १८ ने गुणले की मापनदोष ८. त्याला १.९६ आणि २ च्या वर्गमूळाने गुणले की सुमारे २२. म्हणजे एका रुग्णाचे गुण ५८ वरून ४५ वर आले तर ‘सुधारला’ असे ठामपणे म्हणता येत नाही, फरक २२ च्या वर गेला पाहिजे. ऐकायला कडू आहे, पण गट म्हणून सरासरी पाहताना हे बंधन इतके कडक नसते.

शेवटी सीमारेषा: किती गुणांवर ‘पॅटर्न आहे’ म्हणायचे? त्यासाठी प्रश्नावलीचे गुण न पाहता वैद्याने केलेले निदान कसोटीला लावतात. पण ती कसोटी स्वतः किती पक्की आहे ते आधी बघा. दोन वैद्यांना तेच १०० रुग्ण वेगवेगळे तपासू द्या. समजा दोघेही ‘आहे’ म्हणाले ३२ जणांना, दोघेही ‘नाही’ म्हणाले ४० जणांना, फक्त पहिला ‘आहे’ म्हणाला १६ जणांना आणि फक्त दुसरा १२ जणांना. एकमत ७२ टक्के, दिसायला झकास. पण नुसत्या योगायोगानेच ५०.२ टक्के एकमत झाले असते. तो भाग वजा करून उरलेल्या २१.८ ला ४९.८ ने (१०० वजा ५०.२) भागले की कप्पा, म्हणजे योगायोग वगळून उरलेले एकमत, येतो ०.४४, म्हणजे बेताचा. इतक्या डळमळीत कसोटीवर ‘प्रश्नावली ९० टक्के अचूक’ असा दावा उभा राहूच शकत नाही. उपाय असा: निकष आधी लेखी ठरवा, दोन्ही वैद्यांना वीसेक रुग्णांवर एकत्र सराव करू द्या, आणि सीमारेषा काढताना दोघांचे एकमत झालेले रुग्ण धरा. मात्र असे केल्याने रुग्ण ठळक लक्षणांचेच उरतात आणि अचूकता फुगून दिसते, ते अहवालात स्पष्ट लिहा.

गुणांबाहेरचे प्रश्न

शौचात रक्त, कारण नसताना वजन घटणे, लांबलेला ताप, गिळताना अडकणे, छातीत दुखणे: हे प्रश्न वेगळ्या चौकटीत, गुणांशिवाय. एकालाही ‘हो’ आले तर कागद गोळा करणाऱ्याने त्याच क्षणी डॉक्टरला दाखवायचा आणि रुग्णाला बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा जवळच्या जिल्हा इस्पितळात पाठवायचे. थकवा आणि भूक मंदावणे हे पॅटर्नचे लक्षण आहे तसेच कर्करोगाचे आणि क्षयाचेही आहे.

काम सुरू करण्याआधी नोंदणीकृत नीतिसमितीची मान्यता घ्या. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे नुसत्या प्रश्नावलीच्या अभ्यासालाही लागू आहेत. संमतिपत्रक रुग्ण वाचतो त्याच भाषेत हवे. मासिक पाळीचे प्रश्न वेगळ्या पानावर, फक्त स्त्रियांना. कागदावर नावाऐवजी क्रमांक, आणि नाव-क्रमांकाची वही वेगळ्या कुलुपात. व्हॉट्सअ‍ॅपवर भरलेल्या कागदाचा फोटो मागवू नका, तो किती फोनांत राहील याचा नेम नसतो.

प्रत्येक पानाच्या तळाला आवृत्ती आणि महिना छापा. एक शब्द जरी बदलला तरी आवृत्तीचा आकडा वाढवा, कारण दोन आवृत्त्यांचे कागद एका गठ्ठ्यात मिसळले की ते पुन्हा वेगळे करता येत नाहीत.